किटबॅगेतलं हेल्मेट
(उत्सवातील बालक्रीडा स्पर्धांच्या बक्षीस समारंभात केलेले भाषण)



बक्षीस समारंभातलं पाहुण्याचं भाषण हे मोदकाच्या ताटापुढं लांबलेल्या आरतीसारखं असतं. श्रद्धा सगळ्यांची असते, पण लक्ष मोदकावर असतं. हे मला ठाऊक आहे, कारण लहानपणी मीही सतरंजीवरच बसत असे. त्यामुळे फार लांबण लावणार नाही. मात्र आज पालकांशी थोडं बोलायचं आहे, आणि त्यात माझ्या स्वतःच्या एका चुकीची कबुली आहे. ती बाप्पासमोरच द्यावी असं बरेच दिवस मनात होतं.

माझी ओळख करून देताना चिटणीसांनी ‘जुने क्रीडापटू’ असा शब्द वापरला. त्यातला ‘जुने’ हा भाग शंभर टक्के खरा आहे. मी मूळचा जळगावचा. नोकरीच्या निमित्तानं १९८४ साली बंगळूरला आलो, कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात आयुष्य काढलं आणि इथलाच झालो. पण शाळा-कॉलेजात मी खेळलो ते क्रिकेट नव्हे, सॉफ्टबॉल. इथं कुणाला सांगितलं की लोक विचारतात, ‘म्हणजे प्लॅस्टिकच्या चेंडूनं खेळतात तो का?’ आपल्या महाराष्ट्रात मात्र जळगाव, अमरावती, नागपूर, पुणे इथल्या शाळांतून हा खेळ मन लावून खेळला जातो.

या खेळाचं नाव फसवं आहे. १८८७ साली शिकागोमध्ये एका सभागृहात तो सुरू झाला, तेव्हा बॉक्सिंगचा हातमोजा दोरीनं बांधून त्याचाच चेंडू केला होता. तो खरोखर मऊ होता. आजचा सॉफ्टबॉलचा चेंडू १२ इंच घेराचा आणि १७८ ते १९८ ग्रॅम वजनाचा असतो. आपला क्रिकेटचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. म्हणजे नावात ‘सॉफ्ट’ असलेला चेंडू सीझन बॉलपेक्षा जड आहे!

मी कॅचर होतो. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक, तसा सॉफ्टबॉलमध्ये कॅचर. फलंदाजाच्या पाठीशी उकिडवं बसायचं, तोंडावर लोखंडी जाळीचा मास्क, छातीला पॅड, पायाला गार्ड. आमच्या शाळेत मास्क एकच होता. त्याचा पट्टा तुटलेला, त्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी शिवलेली. पण आमच्या सरांचा नियम कडक होता. मास्क घातल्याशिवाय कॅचरनं खाली बसायचं नाही. सामन्यात नाही, सरावात नाही, नुसता पिचरचा हात मोकळा करायला चार चेंडू टाकायचे असतील तरी नाही. एकदा मी म्हटलं, ‘सर, चारच बॉल आहेत.’ सर म्हणाले, ‘चेंडूला मोजता येत नाही रे.’

हे वाक्य मी चाळीस वर्षं लोकांना हसत सांगत आलो. आणि मग एका रविवारी स्वतःच विसरलो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उत्सवातल्या क्रिकेट सामन्यांसाठी रविवारी सकाळी मी आपल्या मुलांचा सराव घेत होतो. त्या वर्षी मुलांनी हट्ट धरला, ‘आजोबा, टेनिस बॉल नको, सीझन बॉलनं खेळू.’ मंडळाच्या किटबॅगेत दोन बॅटी, पॅडचे दोन जोड, ग्लोव्हज आणि एक हेल्मेट होतं. ते हेल्मेट कुणी दिलं, कधी दिलं, याची नोंद नाही. मोठ्या माणसाच्या मापाचं. अकरा वर्षांचा एक मुलगा यष्टिरक्षणाला उभा राहिला. त्यानं हेल्मेट घातलं आणि दोन मिनिटांत माझ्याकडे आला. ‘आजोबा, हे हलतंय. डोळ्यांवर येतंय. काही दिसत नाही.’

मी काय म्हणालो असेन? ‘राहू दे मग. मी हळूच टाकतो.’

मी खरोखर हळूच टाकला. फलंदाजाच्या बुटाला लागून चेंडू उसळला आणि त्या पोराच्या डोळ्याखाली बसला. आवाज अजून कानात आहे. त्याला उचलून रिक्षात घातलं तेव्हा माझ्या शर्टावर त्याचं रक्त होतं आणि हेल्मेट किटबॅगेत होतं. दहा पावलांवर.

डोळ्याखालचं हाड तडकलं होतं. आठवडाभर डोळा सुजून बंद होता, आणि दृष्टीचं काय हे डॉक्टर नक्की सांगत नव्हते. ते आठ दिवस मी कसे काढले ते माझ्या घरच्यांनाच माहीत. बाप्पाच्या कृपेनं आणि डॉक्टरांच्या हातगुणानं डोळा वाचला. मुलाच्या आईनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दवाखान्यात तिनं एकच विचारलं, ‘काका, हेल्मेट होतं ना?’ मी ‘होतं’ म्हणालो. यापुढं बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

त्यानंतर गुणवत्ता तपासणीतल्या माणसाची जुनी सवय जागी झाली. दोष कुठं झाला, हे शोधायला बसलो. क्रिकेटमधले जुने अपघात पुन्हा वाचून काढले. आणि एक गोष्ट लक्षात आली. हेल्मेट निघाल्यानंतरच्या काळातले बरेच अपघात अज्ञानानं झालेले नाहीत. साधन होतं, माहिती होती. आड आला तो ‘एवढ्यापुरतं’ हा शब्द.

आधी जुना काळ पाहू. १९६२ साली बार्बाडोसमध्ये आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांना चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागला. कवटीला इजा झाली, जीव धोक्यात आला. रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णीही होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. १९७६ साली जमैकाच्या सबिना पार्कवर अंशुमन गायकवाड यांच्या कानावर चेंडू बसला. त्याच डावात आपल्या कर्नाटकाच्या ब्रिजेश पटेल यांच्या तोंडाला लागलं आणि विश्वनाथ यांचं बोट गेलं. ही माणसं शूर होतीच. पण हे लक्षात घ्या, की तेव्हा हेल्मेट वापरातच नव्हतं. डेनिस अमिस यांनी मोटारसायकलस्वारासारखं हेल्मेट घालून खेळायला सुरुवात केली ती १९७७ साली.

आमच्या पिढीतले बाबा लोक लगेच म्हणतात, ‘गावसकर कुठं हेल्मेट घालायचे?’ मान्य. पण त्याच गावसकरांनी कारकिर्दीच्या उत्तरार्धात डोकं वाचवण्यासाठी हॅटखाली कवचाची टोपी घातली होती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. आणि दुसरं, आपलं पोरगं गावसकर आहे की नाही, हे निदान अकराव्या वर्षी ठरलेलं नसतं.

आता हेल्मेट आल्यानंतरचं ऐका. १९९८ च्या फेब्रुवारीत रमण लांबा ढाक्यात एक क्लब सामना खेळत होता. षटकातले तीन चेंडू उरले असताना तो फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला उभा राहिला. हेल्मेट मागवू का, असं विचारलं गेलं. तीनच चेंडू राहिलेत, म्हणून त्यानं नको म्हटलं. फलंदाजानं मारलेला फटका डोक्याला लागला. लांबा स्वतःच्या पायांनी तंबूत गेला. नंतर त्याची शुद्ध हरपली आणि तीन दिवसांनी तो गेला. अडतीस वर्षांचा, कसोटी खेळलेला माणूस. ‘तीनच चेंडू’ हे वाचलं तेव्हा मला माझं ‘चारच बॉल’ आठवलं, आणि ‘हळूच टाकतो’ही आठवलं.

हळू चेंडूचं म्हणाल, तर २००० सालच्या आशिया चषकात सबा करीम यष्टिरक्षण करत होता आणि गोलंदाज होता आपला अनिल कुंबळे. फिरकीच ना! चेंडू फलंदाजाच्या बुटाला लागून उडाला आणि करीमच्या डोळ्यावर बसला. त्याची कारकीर्द पुढं फार टिकली नाही. २०१२ साली इंग्लंडमध्ये टाँटनला दक्षिण आफ्रिकेचा मार्क बाउचर इम्रान ताहिरच्या फिरकीवर यष्ट्यांमागे उभा होता. उडालेली बेल डोळ्यात गेली आणि बाउचर निवृत्त झाला. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं. फिरकी आहे, कशाला घालायचं, असंच सगळे म्हणत. यष्ट्यांना लागून उभ्या राहणाऱ्या यष्टिरक्षकाला आंतरराष्ट्रीय सामन्यात हेल्मेट सक्तीचं झालं ते २०२३ च्या जूनपासून. सॉफ्टबॉलचा भाऊ जो बेसबॉल, त्यात कॅचरच्या मास्कचं पेटंट १८७८ सालचं आहे! आमच्या जळगावच्या सरांनी जे सांगितलं ते क्रिकेटनं फार उशिरा ऐकलं, आणि मी तर ऐकूनही विसरलो.

आता कुणी म्हणेल, हेल्मेट घातलं की झालं. तसंही नाही. इथं थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळू नका.

हेल्मेटचं बाहेरचं कवच कडक असतं, ते धक्का पसरवतं. आतला फोम चेपतो आणि धक्का पोटात घेतो. एकदा जोराचा मार बसला की तो फोम पूर्ववत होईलच असं नाही, आणि कवचाला केसाएवढी चीर गेली तर ती रंगाखाली दिसतही नाही. म्हणून जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट निवृत्त करायचं, दिसायला कितीही चांगलं असो. मुलं त्यावर स्टिकर चिकटवतात, कुणी रंग देतात. काही डिंकांनी आणि रंगांनी कवच कमकुवत होऊ शकतं. बाप्पाचं स्टिकर किटबॅगेवर लावा, तिथं तो सगळ्यांचंच रक्षण करील.

दुसरी गोष्ट जाळीची. २०१४ साली ओल्ड ट्रॅफर्डला आपल्या वरुण आरोनचा चेंडू स्टुअर्ट ब्रॉडच्या हेल्मेटची कड आणि जाळी यांच्या फटीतून आत शिरला आणि त्याचं नाक मोडलं. ब्रिटिश मानकात २०१३ सालापासून चेंडू या फटीतून आत जातो का, याचीच चाचणी आहे. आणि ती मोठ्यांच्या आणि लहान मुलांच्या चेंडूनं वेगवेगळी घेतात. का? मुलांचा चेंडू १३३ ते १४४ ग्रॅमचा, आकारानंही लहान. बाबांच्या हेल्मेटच्या फटीत मोठा चेंडू अडकेल, पण पोराचा चेंडू आत जाऊ शकेल. म्हणून ‘माझं जुनं हेल्मेट आहे, मोठा झाला की बसेल’ हे चालणार नाही. दिवाळीचा सदरा वाढत्या मापाचा घ्यावा, हेल्मेट घेऊ नये. आत कोणत्या मानकाचं आणि कोणत्या चेंडूसाठी तपासलेलं आहे ते लेबलवर पाहावं. घातल्यावर डोकं हलवलं तर हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर नव्हे.

तिसरी गोष्ट मानेची. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये सिडनीला फिलिप ह्यूजेसला चेंडू लागला तो हेल्मेटच्या खाली, मानेवर. दोन दिवसांनी तो गेला. त्यानंतर हेल्मेटच्या मागं लावायचे मानेचे गार्ड आले. आणि अगदी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मेलबर्नला एक सतरा वर्षांचा मुलगा नेट्समध्ये सराव करताना मानेवर चेंडू लागून दगावला. हेल्मेट होतं, मानेचा गार्ड नव्हता. सामना नव्हता, सराव होता. हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. मुलं सामन्यापेक्षा सरावातच जास्त चेंडू खेळतात, म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वी न्यू जर्सीला लेकीकडे गेलो होतो. नातू तिथं बेसबॉल खेळतो. लिटल लीग म्हणून मुलांची संस्था आहे, १९३९ पासूनची. फलंदाजाला हेल्मेट, धावणाऱ्यालाही हेल्मेट, कॅचरच्या मास्कला खाली गळ्याचं रक्षण करणारी लोंबती पट्टी. मैदानातल्या बेससुद्धा अशा, की घसरत आलेल्या मुलाचा पाय आदळला तर बेस सुटून येते, घोटा मोडत नाही. सामन्यापूर्वी पंचांनी हेल्मेटं आणि बॅटी हातात घेऊन पाहिल्या. हे पंच म्हणजे कुणी मोठे अधिकारी नव्हते, एका मुलाचे बाबाच होते. कडेला एक मुलगा पिचरचे चेंडू झेलायला मास्कशिवाय बसला, तर त्यांनी लगेच उठवून मास्क आणायला पाठवलं. मुलगा कुरकुरला नाही, आई-वडील रागावले नाहीत, कुणाचा वेळ गेला नाही. मला एकदम आमचे सर दिसले. यात श्रीमंतीचा प्रश्न फारसा नाही. आमच्या शाळेत सायकलच्या ट्यूबवर तोच नियम चालत होता.

आपल्याकडे शौर्याच्या गोष्टी फार आवडतात. २००२ साली अँटिग्वामध्ये कुंबळे मोडलेल्या जबड्याला पट्टी बांधून गोलंदाजीला उतरला आणि त्यानं लाराला बाद केलं. ती गोष्ट मीही मुलांना सांगतो. पण उरलेली अर्धीही सांगावी: तेव्हा तो एकतीस वर्षांचा कसलेला खेळाडू होता, निर्णय त्याचा होता, आणि त्यानंतर शस्त्रक्रियेसाठी त्याला मालिका सोडावी लागली. आणि आपला द्रविड! मराठी घरातला, इंदूरला जन्मलेला, बंगळूरचा. २०२१ सालच्या जाहिरातीपासून तर ‘इंदिरानगरचा गुंडा’. २०१० साली मिरपूरला शतक पुरं करून खेळत असताना त्याच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि गालाचं हाड तडकलं. तो मैदान सोडून गेला, १११ धावांवर. ज्याला जग ‘भिंत’ म्हणतं, तो निवृत्त होऊन आत जातो. आणि आपण मात्र आठवीतल्या पोराला सांगतो, ‘काही झालं नाही, मर्दासारखा खेळ!’

तेव्हा पालकहो, डोक्याला लागलं तर त्या दिवशी खेळ संपला. मूल कितीही ‘बरा आहे’ म्हणालं तरी. लांबाही चालत गेला होता. डोकं दुखत राहिलं, उलटी झाली, बोलण्यात गोंधळ, झापड, नजर वेगळी वाटली, तर संध्याकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. छातीवर चेंडू बसून मूल कोसळलं, तर ते घाबरून पडलं असं समजू नका. क्वचित असा धक्का हृदयाचा ठोका थांबवतो, आणि तेव्हा पहिल्या मिनिटापासून छाती दाबणारा माणूस जवळ लागतो. आपल्या मंडळात डॉक्टर मंडळी आहेत. एक रविवार देऊन त्यांनी हे आम्हा काका-आजोबांना शिकवावं, ही जाहीर विनंती.

शेवटी मंडळाकडे मागणं. त्या अपघातानंतर कार्यकारिणीनं मुलांच्या ढालींचा खर्च कमी करून दोन मापांची तीन हेल्मेटं घेतली. म्हणूनच, बालमित्रांनो, यंदाची ढाल तुम्हाला जरा लहान वाटेल. रागावू नका, उरलेली अर्धी ढाल तुमच्या डोक्यावर आहे! किटबॅगेत आता एक वही असते. हेल्मेट कधी घेतलं, कधी मार लागला, कधी काढून टाकलं, सगळं तीत लिहिलेलं. पण तीन हेल्मेटं पुरत नाहीत. मानेचे गार्ड घ्यायचे आहेत, मुलींच्या मापाचे पॅड आणि मुलग्यांचे एल गार्ड घ्यायचे आहेत. एल गार्ड म्हणजे काय ते वहिनींनी घरी जाऊन विचारावं. पुढच्या वर्षीच्या वर्गणीत प्रत्येक घरानं यासाठी थोडं वेगळं काढावं, आणि जुनं हेल्मेट मात्र दान देऊ नये.

आणि एक नियम आपण सगळे मिळून करू. मुलानं ‘हे हलतंय, दिसत नाही’ म्हटलं, तर ‘राहू दे’ म्हणायचं नाही. त्याला टेनिस बॉल द्यायचा. मापाचं हेल्मेट नसेल त्या दिवशी सीझन बॉल बाहेर निघणार नाही.

तो मुलगा आज इथंच आहे. नाव सांगणार नाही, लाजेल. आता माझ्यापेक्षा उंच झाला आहे आणि अजून यष्टिरक्षणच करतो. किटबॅगेतली ती वही तोच लिहितो. गेल्या रविवारी मी नेहमीच्या टोपीतच त्याला झेल द्यायला बॅट घेऊन उभा राहिलो, आणि जवळच उभं राहून दुसरं एक पोर मला चेंडू टाकत होतं. हा हात वर करून थांबला. म्हणाला, ‘आजोबा, आधी हेल्मेट.’ मी म्हटलं, ‘अरे, पाचच बॉल आहेत.’

तो जागचा हलला नाही. मी मुकाट्यानं जाऊन हेल्मेट घालून आलो.

गणपती बाप्पा मोरया! चला, आता बक्षिसं.